मैदानात सम एकच नसते

तुमच्या प्रश्नाचे तीन तुकडे आहेत, ते आधी माझ्या शब्दांत मांडते. जर्मन संगीतकार कार्लहाइन्झ स्टॉकहाउझेन यांच्या ‘श्टर्नक्लांग’बद्दल तुम्ही वाचलंत: रात्रीची बाग, एकमेकांपासून लांब बसलेले पाच गट, अडीच-तीन तासांची रचना. तुमचा पहिला प्रश्न असा की, एवढ्या अंतरावरचे वादक एकमेकांना धरून कसे राहतात. दुसरा, ऐकणाऱ्याने बसायचं कुठे. आणि तिसरा, जरा दबकत विचारलेला: आपल्याकडच्या टेकडीवर, ढोल-ताशा पथकातल्या पोरांना घेऊन असं काही करता येईल का.

मी तालवाद्यं वाजवते. मिरजेत तबल्यापासून सुरुवात झाली, आता बरीच वर्षं कॅनडात ऑन्टारिओत आहे आणि उघड्यावर वाजवायच्या रचनांचं वेड इथेच लागलं. अमेरिकन संगीतकार जॉन लूथर अ‍ॅडम्स यांची ‘इनुकसूट’ मी तीनदा वाजवली आहे. ‘श्टर्नक्लांग’ वाजवायचा योग आलेला नाही, पण तिचा स्कोअर, म्हणजे लिहिलेली स्वरलिपी, बरेच दिवस टेबलावर होता. तेव्हा एका रचनेबद्दल हातांच्या अनुभवाने बोलते आणि दुसरीबद्दल वाचून, ऐकून.

पहिल्याचं उत्तर एका ओळीत: धरून राहतच नाहीत. आपण ज्याला समेवर येणं म्हणतो, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर सगळ्यांनी एकत्र पडणं, तसं तर नाहीच.

का, ते कळायला वाद्यही लागत नाही. एखाद्या संध्याकाळी मैत्रिणीला घेऊन शाळेच्या मैदानावर जा. समोरासमोर उभ्या राहा, मात्रा अर्ध्या सेकंदाची धरा आणि दोघी एकत्र टाळ्या देऊ लागा. मग एकीने टाळी न थांबवता उलटं, मागे मागे चालत जायचं. सुरुवातीच्या काही पावलांत फरक जाणवत नाही. मग टाळीला शेपूट फुटल्यासारखं वाटतं. हवा २० अंशांची असेल तर आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे मैत्रीण ८६ मीटरवर पोचली की तिची टाळी तुमच्यापर्यंत यायला पाव सेकंद लागतो. अर्धी मात्रा! तिचे हात तुमच्याबरोबरच मिटलेले डोळ्यांना दिसतात, आणि टाळी ऐकू येते ती दोन मात्रांच्या बरोबर मधे. आणखी मागे, १७२ मीटरवर गेली की सगळं पुन्हा जुळल्यासारखं वाटतं. ती खोटी सम. तुम्ही ऐकताय ती तिची मागची मात्रा.

आता डोळे मिटून नुसत्या कानांवर विसंबा. तिला गाठायला तुम्ही किंचित थांबता, तुम्हाला गाठायला तीही किंचित थांबते, आणि चार आवर्तनांत मध्यलय रेंगाळत रेंगाळत विलंबितात जाते. चूक दोघींचीही नसते. मधल्या हवेची असते. तबल्याच्या क्लासात लय खाल्ली म्हणून मी पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत. मैदानात लय हवा खाते आणि तिला कोणी बोलू शकत नाही.

यावर पहिला उपाय सुचतो तो डोळ्यांचा. प्रकाशाला उशीर होत नाही, तेव्हा हात दिसला की वाजवा. १९२२ च्या ७ नोव्हेंबरला बाकू बंदरात संगीतकार आर्सेनी अव्रामोव यांनी रशियन क्रांतीच्या पाचव्या वर्धापनदिनी भोंग्यांची सिंफनी घडवून आणली. कॅस्पियन ताफ्यातल्या जहाजांचे भोंगे, कारखान्यांचे भोंगे, रेल्वे इंजिनांच्या शिट्ट्या, तोफा, गाणारे समुदाय, आणि हे सगळं झेंड्यांच्या इशाऱ्यांवर चालवलेलं. आख्खं बंदर हेच वाद्य. कल्पना अफाट आहे, पण मला त्यातली संगीताची बाजू नेहमी थोडी भाबडी वाटत आली आहे, कारण झेंडा वादकांना एकत्र आणतो, ऐकणाऱ्यांना नाही. सगळ्यांनी एका क्षणी वाजवलं तरी धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसाला जवळचं जहाज आधी आणि लांबचा कारखाना नंतर ऐकू येणार. किलोमीटरभरावरचा भोंगा तर जवळजवळ तीन सेकंद उशिरा. झेंड्याने वाचवलेली सम वाटेत हवेने पुन्हा मोडलेली असते.

झेंडे कॅनडाचे संगीतकार आर. मरे शेफर यांनीही वापरले, पण त्यांनी हा हिशेब आधी मांडला होता. १९७९ ची ‘म्युझिक फॉर वाइल्डरनेस लेक’ ही बारा ट्रॉम्बोनसाठी (सरकत्या नळीचं पितळी फुंकवाद्य) आहे. ऑन्टारिओतल्या एका छोट्या, वस्तीपासून दूर असलेल्या तळ्याच्या काठाने बारा वादक पसरून उभे, आणि तळ्याच्या मधे तराफ्यावर रंगीत झेंडे घेतलेला संचालक. वाजवायची वेळ पहाट आणि तिन्हीसांज. शेफर यांनी एकसाथ सूर मागितलेच नाहीत. एकाने सूर लावायचा, तो पाण्यावरून पलीकडे जायचा, पलीकडच्या झाडांवरून परत यायचा, आणि त्या येण्याजाण्यासाठी स्कोअरमध्येच जागा सोडलेली. उशीर हा तिथे दोष न राहता तेरावा वादक झाला आहे. मला विचाराल तर या सगळ्या प्रकारातली सर्वांत शहाणी रचना हीच.

पहाट आणि तिन्हीसांज का? लोकांना वाटतं वातावरणनिर्मितीसाठी. तेही असेल, पण मुळात तो हवेचा धंदा आहे. दुपारी जमीन तापते, तिच्या लगतची हवा गरम, वरची गार. गरम हवेत आवाज वेगाने जातो, म्हणून आवाजाची लाट वर वळते आणि लांब बसलेल्याच्या डोक्यावरून निघून जाते. सूर्य कलला की उलट होतं: जमिनीलगतची हवा आधी निवते, वरची अजून ऊबदार असते, आणि आवाज खाली वाकतो. रात्री लांबच्या देवळातलं भजन अंगणात असल्यासारखं का ऐकू येतं, त्याचं कारण हेच. वाराही पडलेला असतो. वाऱ्याच्या दिशेने आवाज खाली वाकतो, वाऱ्याविरुद्ध वर. म्हणून वाहत्या वाऱ्यात एका गटाला दुसरा ऐकू येतो आणि दुसऱ्याला पहिला येत नाही. एकतर्फी संवाद.

याचा फटका मी खाल्ला आहे. ‘इनुकसूट’च्या माझ्या दुसऱ्या खेपेला आयोजकांनी नकाशावर ठिपके काढून जागा वाटल्या होत्या. नकाशावर उंचसखल दिसत नाही. माझा ठिपका एका बुटक्या चढाच्या पाठीमागे होता, आणि वारा माझ्याकडून बाकीच्यांकडे. मला पुढच्या टप्प्यात जायचं होतं ते शंखांचा आवाज आल्यावर. मी कान देऊन उभी. आजूबाजूला डास, मागे पार्किंगमधल्या एअर कंडिशनरची घरघर. शंख येईनात. शेवटी एक आजोबा कुत्र्याला फिरवत आले आणि सहज म्हणाले, पलीकडे ढोल जोरात चाललेत, तुमचे कधी? तोवर मी जवळजवळ सहा मिनिटं उशिरा होते. गंमत अशी की नंतर कुणालाच काही कळलेलं नव्हतं. एका बाईंनी तर चढामागून एकटी घुमलेली ती कागदी कर्ण्यातली फुंकर फार आवडल्याचं सांगितलं. मी आभार मानले.

त्या प्रसंगावरूनच अ‍ॅडम्स यांची युक्ती कळते. ही रचना २००९ ची, जूनमध्ये कॅनडातल्या बॅन्फला पहिल्यांदा वाजली. नाव उत्तर ध्रुवाकडच्या लोकांनी वाट दाखवायला रचलेल्या दगडी खुणांवरून. अ‍ॅडम्स कित्येक दशकं अलास्कात राहिलेले. वादक ९ ते ९९, तीन गटांत. संचालक नाही, झेंडा नाही, एक लय नाही. सगळे मधोमध गोळा होऊन सुरू करतात आणि सुरुवात म्हणजे नुसता श्वास: पुठ्ठ्याच्या कर्ण्यातून सोडलेली फुंकर, दगडावर दगड घासल्याचा आवाज. ऐकायला आलेल्यांना वाटतं अजून सुरूच झालं नाही. मग गट एकेक करून बाहेर पांगतात. शंख येतात. गोल फिरवायच्या नळ्या येतात. वॉशिंग मशिनचं पाणी सोडायला असतो तसला वळ्यावळ्यांचा पाईप, वेगाने फिरवला की गातो, अजून वेगाने फिरवला की वरच्या स्वरावर उडी मारतो. मग ढोल, झांजा, मोठ्या घंगाळासारखे टॅमटॅम, हाताने फिरवायचे भोंगे. मधल्या शिखरावर आवाज छातीत बसतो. आणि त्यानंतर खूप हळू हळू सगळं ओसरतं, शेवटी लोखंडी त्रिकोण, छोट्या धातूच्या पट्ट्या आणि पिकोलो बासऱ्या उरतात, पक्ष्यांसारख्या. सव्वा तासाच्या आसपास.

प्रत्येक जण आपल्या गतीने पुढे सरकतो आणि टप्पा बदलायचा तो दुरून ऐकू आलेल्या आवाजावरून. म्हणजे समोरच्याची मात्रा तुम्ही पकडत नाही, त्याचा ऋतू पकडता. पाव सेकंद उशीर इथे काय बिघडवणार, सहा मिनिटांनीही फारसं बिघडलं नाही!

२०१८ च्या जानेवारीत ही रचना सान दिएगो आणि तिहुआना यांच्यामधल्या सरहद्दीच्या कुंपणापाशी झाली. वादक दोन्ही देशांत, कुंपणाच्या दोन्ही बाजूंना. अशा ठिकाणी एकत्र तालीम, एक संचालक, एक मंच हे सगळंच गैरलागू होतं. कानाने पुढे जाणारी रचनाच तिथे चालू शकते.

आता ‘श्टर्नक्लांग’. १९७१ ची, ५ जूनला बर्लिनच्या टीअरगार्टन बागेत पहिल्यांदा झाली. स्टॉकहाउझेन यांनी तिला पाच गटांसाठीचं बागसंगीत म्हटलं. एकवीस गायक-वादक पाच गटांत विभागलेले. उन्हाळ्याची रात्र, आकाश निरभ्र, जमल्यास पौर्णिमा. सुरावटींच्या काही आकृती थेट तारकासमूहांच्या आकारांवरून घेतलेल्या, नक्षत्रांची नावं गाण्यातून उच्चारलेली. परग्रहावरून येणाऱ्या पाहुण्यांच्या स्वागताची तयारी वगैरेही त्यांच्या मनात होतं. ते सोडून द्या. (मी सोडून देते, माझे एक जर्मन सहकारी सोडत नाहीत आणि आमचं त्यावरून दरवर्षी भांडण होतं.)

माझ्या दृष्टीने या रचनेतल्या दोनच गोष्टी खऱ्या मोलाच्या आहेत.

एक म्हणजे चालत जाणारे निरोप्ये. एका गटातला वादक आपल्या गटाची छोटी लयीची-सुरांची आकृती पाठ करतो आणि ती वाजवत किंवा गात, बागेतून चालत, दुसऱ्या गटाकडे जातो. बरोबर मशाली घेतलेले लोक. तो दुसऱ्या गटापाशी पोचतो, त्यांच्या चाललेल्या संगीतात आपली आकृती धरून ठेवतो, हळूहळू ते ती उचलतात, आणि काम झालं की हा परततो. लक्षात घ्या, जो प्रश्न तुम्ही मला विचारलात तो इथे पायांनी सोडवला आहे. आवाज अंतर कापताना विस्कटतो, मग आवाज पाठवूच नका, माणूस पाठवा. त्याच्या डोक्यात लय शाबूत राहते. वाटेत बसलेल्या ऐकणाऱ्याला मात्र ती आकृती अंधारातून जवळ येताना, अगदी कानाशी, आणि मग दूर जाताना ऐकू येते. याशिवाय गटांना अधूनमधून एका लयीवर आणायला बागेच्या मध्यभागी एक तालवादक आहे, आणि गटांना माइक आणि स्पीकरही आहेत. तेव्हा सगळंच काही मशालीच्या उजेडात चालत नाही. पण जीव त्या निरोप्यांत आहे.

दुसरी गोष्ट तंबोरा जुळवणाऱ्याला लगेच उमगेल. प्रत्येक गटाचे सूर एका खालच्या मूळ स्वराच्या उपस्वरांवर, म्हणजे त्याच्या दुप्पट, तिप्पट अशा पटीतल्या कंपनांच्या स्वरांवर बांधलेले, दुसऱ्यापासून नवव्यापर्यंत. पाच गटांचे मूळ स्वर पाच वेगळे. पण सगळ्यांत एक स्वर सामाईक, सेकंदाला ३३० कंपनांचा. हाच स्वर एका गटात पाचवा उपस्वर आहे, दुसऱ्यात सहावा, मग सातवा, आठवा आणि नववा. आता हे आपल्या भाषेत वाचा. पाचवा उपस्वर म्हणजे तंबोऱ्यात आपोआप बोलतो तो स्वयंभू गंधार. सहावा पंचम. सातवा जरा उतरलेला कोमल निषाद. आठवा षड्ज. नववा ऋषभ. म्हणजे बागेत एकच स्वर तरंगतोय, आणि तुम्ही एका गटाजवळ बसलात तर तो गंधार आहे, उठून दुसऱ्याकडे गेलात तर तोच पंचम, आणखी पलीकडे तोच षड्ज. मूर्च्छना आपण बसल्या जागी षड्ज हलवून करतो, इथे श्रोता स्वतः हलून करतो. स्टॉकहाउझेन यांच्या डोक्यात मूर्च्छना होती असं माझं म्हणणं नाही. उपस्वरांचं गणित कुणाच्या मालकीचं नाही. पण मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढणाऱ्यांच्या दुकानासमोरून रोज गेलेल्या मला स्कोअरचं ते पान बघून हसू आलं, आणि मग बराच वेळ काही सुचलं नाही.

लय जुळत नसेल तर निदान स्वर जुळू दे, हा यातला सौदा. स्वराला उशीर झाला तरी तो बेसूर होत नाही. मात्रेला उशीर झाला की ती वेगळीच मात्रा होते. उघड्यावरच्या टिकाऊ रचना पाहिल्यात तर बहुतेकींनी हा सौदा कुठल्या ना कुठल्या रूपात केलेला दिसेल.

न करणारेही आहेत, ज्यांना विस्कटलेपणच हवं असतं. अमेरिकेतल्या डॅनबरी गावी संगीतकार चार्ल्स आइव्ह्ज यांच्या वडिलांनी दोन बँड समोरासमोरून वेगळ्या चाली वाजवत नेल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. पोराच्या कानात ते आयुष्यभर राहिलं. पुढे चार्ल्स यांनी दऱ्यांत, उतारांवर आणि शिखरांवर वाद्यवृंद बसवायच्या ‘युनिव्हर्स सिंफनी’चा घाट घातला, ती पुरी झालीच नाही. संगीतकार हेन्री ब्रँट यांनी १९८४ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या कालव्यांतून चार होड्या सोडल्या, प्रत्येकीत पंचवीस बासरीवाले, आणि शहरभर चर्चच्या घंटा, ब्रास बँड, गायकवृंद, रस्त्यावरचे ऑर्गन. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर विसर्जनाच्या दिवशी दोन पथकांच्या मधे सापडलेल्याला यात नवल वाटणार नाही. पुढच्या पथकाचा ताल आणि मागच्याचा ताल अंगावर एकदम आदळतात आणि मधल्या दहा पावलांत दोन्हीपैकी एकही ताल नसलेलं तिसरंच काही तयार होतं. बहुतेक लोक तिथून पळतात. आइव्ह्ज थांबले असते.

दुसऱ्या प्रश्नाकडे येते: बसायचं कुठे. बसू नका. ज्या रचनेत वादक एका अर्धवर्तुळात नाहीत, तिथे ‘चांगली जागा’ नसते; जिथे उभ्या राहाल तिथली एक वेगळी रचना ऐकाल. नवखा श्रोता सगळ्यात मोठ्या आवाजाकडे धावतो आणि तिथेच चिकटतो. त्याने अर्धं गमावलं. मी येणाऱ्यांना सांगते, आधी दोन वादकांच्या बरोबर मधे थांबा, जिथे दोन्ही सारखेच पुसट आहेत. मग एकाकडे इतक्या हळू चाला की दुसरा कुठल्या पावलाला बुडतो ते कळावं. आणि एकदा तरी पाठ फिरवून उभ्या राहा. अंतर दुप्पट झालं की उघड्यावर आवाज सहा डेसिबलने पडतो, त्याला सावरायला भिंती नाहीत, छत नाही. सभागृहात आपल्याला जो भरलेपणा मिळतो तो निम्मा भिंतींनी दिलेला असतो. उघड्यावर पहिल्यांदा वाजवणाऱ्याला म्हणूनच आपलं वाद्य अचानक बारीक, कोरडं वाटतं आणि तो घाबरून जोरात बडवायला लागतो. नका बडवू. शेवटच्या पंधरा मिनिटांत हात राहत नाहीत.

ध्वनिमुद्रण ऐकून या रचनांबद्दल मत बनवू नका, एवढं जाता जाता. दोन स्पीकरमध्ये पाच गट आणले की बाग जाते आणि उरतं ते लांबलेलं, जरा कंटाळवाणं काहीतरी. मी स्वतः ‘श्टर्नक्लांग’चं ध्वनिमुद्रण दोनदा अर्ध्यावर बंद केलं. तिसऱ्यांदा एक स्पीकर स्वयंपाकघरात नि दुसरा मागच्या खोलीत ठेवला आणि घरभर फिरत ऐकलं, तेव्हा कुठे काही हाताला लागलं.

आता टेकडी आणि ढोल.

करता येईल. पण ढोल-ताशा पथकाची घडणच याच्या उलट दिशेची आहे, हे आधी मान्य करावं लागेल. पथकाचं सगळं कौशल्य रांगेत आहे: ताशाच्या हातावर चाळीस टिपरू एकदम पडली पाहिजेत. खांद्याला खांदा लावून उभे असतात म्हणून ते जमतं. त्याच पोरांना शंभर मीटरवर विखरून तोच ताल वाजवायला सांगितलात तर पहिल्या मिनिटात मैदानातल्या टाळ्यांसारखी गत होईल आणि पोरं एकमेकांवर चिडतील. शिवाय ढोल सगळं झाकतो. एक ढोल नीट वाजला तर त्याच्या शेजारच्याला लांबचा टाळ ऐकू येणं अशक्य, आणि दुरून ऐकल्याशिवाय या खेळात काहीच नाही.

आपल्याकडे विखुरलेल्या गटांची जुनी जाण आहे ती पथकांपेक्षा वारीत. पालखीबरोबर दिंड्या मैलोगणती पसरलेल्या, प्रत्येकीचे टाळ वेगळे, पखवाज वेगळा, अभंगही वेगळा चाललेला, आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. तळावर समाजआरतीला सगळ्या दिंड्या जमतात. चोपदार दंड उंचावतो आणि हजारो टाळ थांबतात. डोळ्यांनी घेतलेला इशारा, आणि तो वाजवायला नव्हे तर थांबायला. त्यातही ज्या दिंडीचं गाऱ्हाणं असेल ती टाळ वाजवत राहते, मग चोपदार तिच्याकडे जाऊन ऐकून घेतो. शांततेत एका बाजूने टाळ चालू राहणं! शेफर यांच्या तळ्याकाठी हे सहज शोभलं असतं. तुमच्या रचनेला असा एखादा दंड हवा, लांबून दिसेल असा. सुरू करायला नको. सुरुवात आपोआप पसरू दे. थांबायला हवा. लांब पसरलेल्या लोकांना एकत्र थांबवणं हे एकत्र सुरू करण्यापेक्षा कितीतरी परिणामकारक असतं, कारण आवाज थांबल्यावर शेवटचा सूर लांबून यायचा राहिलेला असतो, आणि तो सगळे ऐकतात.

माणसं बारा पुरेत. चार-चारांचे तीन गट, एकमेकांपासून ऐंशी-नव्वद मीटरवर, पण एकमेकांना दिसतील असे. बुटका चढ मधे नको, माझं ऐका. प्रत्येक गटात ढोल एकच, आणि तो पहिली वीस मिनिटं जमिनीवर ठेवलेला. बाकी झांज, टाळ, शंख, ताशा. ताशा कामाचा आहे: त्याचा तीक्ष्ण कडकडाट आपल्या कानाला फार लवकर टोचतो, म्हणून गोंगाटातूनही दुरून ओळखू येतो, पण एका काडीने, बोटभर उंचीवरून, कणाकणाने वाजवायला लावा. पथकातल्या मुलाला हे सगळ्यात अवघड जाईल. हळू वाजवायला त्याला कोणी कधी सांगितलेलंच नसतं. तिन्ही गटांचे शंख आधी जुळवून घ्या, म्हणजे एकाच स्वरात बोलणारे तीन शंख शोधा. दुकानदार वैतागेल, चालेल. तोच तुमचा सामाईक स्वर. प्रत्येक गटातून एक जण कंदील घेऊन निरोप्या व्हावा, आणि त्याने पाठ केलेली आकृती आठ मात्रांपेक्षा मोठी नको, नाहीतर चढावर धाप लागली की विसरतो.

चामडं मढवलेली वाद्यं संध्याकाळच्या दमट हवेत उतरतात, तेव्हा फायबरचं पान असलेले ढोल बरे. झांजेच्या स्टँडला वाळूची पिशवी बांधा. कागदाचा स्कोअर एका पानाचा करा. अंधारात, वाऱ्यात पान उलटायला गेलेला माणूस मी पानामागे धावताना पाहिला आहे. हाताने फिरवायचा भोंगा वापरायचा मोह होईल, नको. इथे आम्ही भोंगा वापरतो तेव्हा आठवडाभर आधी आसपासच्या घरांत पत्रं टाकतो, तरीही कुणीतरी पोलिसांना फोन करतंच. तुमच्याकडे टेकडीवर तिन्हीसांजेला मोर आणि बाकीचे पक्षी झाडांवर येत असतील, त्यांच्या वेळेला भोंगा हा उपद्रव आहे. वनखात्याची जागा असेल तर परवानगी घ्या, आणि अर्जात ‘ढोल’ लिहायच्या आधी ‘तीन’ लिहा.

मात्र पहिल्या दिवशी ढोल घरीच ठेवा. टाळांची एकच जोडी घेऊन दोघींनी जा. एक वाजवत उभी राहू दे, दुसरीने पावलं मोजत लांब जायचं आणि कितव्या पावलाला टाळ ऐकू येईनासा होतो ते वहीत लिहायचं, वाऱ्याच्या दिशेने आणि वाऱ्याविरुद्ध, दोन्ही. एकदा दुपारी चारला, एकदा सूर्य बुडाल्यावर. ते चार आकडे मला कळवा, मग गट कुठे बसवायचे ते बोलू.